आधी तूक, मग औषध

२०१९ सालचा ऑगस्ट आपल्या जिल्ह्यात कुणीच विसरलेले नाही. मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या गावातली भातशेते त्या पावसात पाण्याखाली गेली. आमचे घर जरा उंचावर असल्याने आत पाणी शिरले नाही, पण परसात घोट्याएवढा चिखल झाला आणि गणपती येऊन गेले तरी तो वाळला नाही. त्या चिखलात आमच्या आत्तींच्या चौदा कोंबड्या दिवसभर चोच मारत हिंडत होत्या.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आपल्या भागात मराठी घरात आत्ती आणि कन्नड घरात अत्ती, हाक जवळजवळ एकच. कोंबड्या त्यांच्या एकटीच्या. दहा गावरान, चार गिरिराज. अंड्यांचे पैसे त्यांच्या भिशीला जातात आणि त्याचा हिशेब त्या कुणालाही देत नाहीत, मुलालासुद्धा नाही. घरी आलेल्या माहेरवाशिणीच्या हातात निघताना शंभराची नोट ठेवायची तर ती ह्याच पैशातून.

नवरात्रात आत्ती म्हणू लागल्या, "गिरिराज खाऊलालीय, पण अंगाला लागूलालं नाही बघ." मी हात लावून पाहिले. छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागत होते. तुरा फिका पडला होता, शेण पातळ होते आणि अंडी निम्म्यावर आली होती. जंत झाले असणार एवढे आम्हा दोघींनाही कळले. पुढे जे केले ते मात्र मी केले, म्हणून ते मीच सांगितले पाहिजे.

पाच थेंबांची गोष्ट

आमच्या शेजारी अक्का राहतात. त्यांचे घर कन्नड, पण आमचे दोन्हीकडचे बोलणे अर्धे त्या भाषेत, अर्धे ह्या भाषेत चालते. त्यांच्या कोंबड्या त्याच पावसात भिजलेल्या आणि त्याच चिखलात हिंडलेल्या, पण ठणठणीत होत्या. विचारल्यावर त्यांनी जंताच्या औषधाचे नाव सांगितले, अल्बेंडाझोल. त्यांच्या भावाकडे मेंढ्या आहेत, त्याच्याकडची बाटली त्यांनी आणली होती. "ऐद हनी हाक्री, साकु," अक्का म्हणाल्या. पाच थेंब घाला, पुरे.

मी कॉलेजातून येताना औषधाच्या दुकानातून त्याच नावाची बाटली घेतली. रात्री खुराड्यातून एकेक कोंबडी काढून प्रत्येकीच्या चोचीत पाच-पाच थेंब घातले. काम झाले, असे समजून हात धुतले. दसरा झाला आणि दोन दिवसांनी आत्तींची सगळ्यात मोठी गिरिराज सकाळी खुराड्यात मरून पडलेली दिसली.

मी ती पिशवीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिथेच तिचे आतडे उघडून दाखवले. शिजवलेल्या शेवया दाबून भराव्यात तसे ते पांढऱ्या गोल जंतांनी भरले होते. दोन ते चार इंच लांबीचे आणि जिवंत. मी म्हटले, "डॉक्टर, मी औषध दिले होते." त्यांनी कन्नडमध्ये एवढेच विचारले, "तूक एष्ट ऐती?" वजन किती होते? मला सांगता आले नाही. मग त्यांनी विचारले, बाटली किती टक्क्यांची? तेही सांगता आले नाही. बाटली पिशवीतच होती. त्यांनी ती हातात घेतली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवले.

अक्कांची बाटली दहा टक्क्यांची होती. माझी अडीच टक्क्यांची. नाव एक, रंग एक, थेंब पाच, पण माझ्या थेंबात औषध पाव.

घरी येऊन मी आत्तींना जसेच्या तसे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चार बुकं शिकलीस, पण बाटलीवरचं वाचलं नाहीस." ह्यावर उत्तर नव्हते. वीस वर्षे मुलांना 'नीट वाचा' म्हणून सांगणारी मी.

हिशेब कसा करायचा

त्या दिवशी डॉक्टरांनी समजावलेला हिशेब माझ्या सातवीतल्या मुलीने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला. तो आजही आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनीही तो लिहून ठेवावा.

पहिली गोष्ट, बाटलीवरची टक्केवारी. अडीच टक्के म्हणजे १०० मिलिलिटर औषधात २.५ ग्रॅम मूळ द्रव्य. म्हणजेच एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. दहा टक्के असेल तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. सोपी खूण अशी की टक्केवारीला दहाने गुणा, एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात.

दुसरी गोष्ट, वजन. कन्नडमधला 'तूक' आपल्यालाही परका नाही. जुन्या मराठीत 'तुकणे' म्हणजे तोलणे. कोंबडी हातात धरून अंदाज करू नये, पिसांमुळे ती भरलेली वाटते. कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवावी, पिशवीचे वजन वजा करावे. रात्री ती शांत असते, फार धडपडत नाही.

तिसरी गोष्ट, किलोमागे किती मिलिग्रॅम हे पशुवैद्यांनी सांगायचे. आमच्या डॉक्टरांनी आमच्या कोंबड्यांसाठी किलोला १० मिलिग्रॅम लिहून दिले. आता हिशेब पाहा. मेलेली गिरिराज डॉक्टरांच्या काट्यावर २.४ किलो भरली. तिला २४ मिलिग्रॅम हवे होते. अडीच टक्क्यांच्या बाटलीतून ते साधारण १ मिलिलिटर होतात. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला तर मी दिलेले पाच थेंब पाव मिलिलिटर, म्हणजे सहा मिलिग्रॅम. चोवीसच्या जागी सहा. अक्कांच्या दहा टक्क्यांच्या बाटलीतले तेच पाच थेंब पंचवीस मिलिग्रॅम होतात. त्यांचा अंदाज मोठ्या कोंबडीला बरोबर बसला होता.

पण तोच अंदाज सव्वा किलोच्या गावरान कोंबडीला दुप्पट होतो. म्हणून 'कोंबडीमागे इतके थेंब' हे मापच चुकीचे. शिवाय थेंब बाटलीच्या तोंडाप्रमाणे लहान-मोठा पडतो आणि दाट औषधाचा थेंब पाण्याच्या थेंबासारखा नसतो. सुई काढलेली एक किंवा दोन मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर इन्सुलिनची सिरिंज हाताशी असते, पण ती घेऊ नये. तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात, मिलिलिटरचे नव्हेत.

शाळेत मुलांना जंताची गोळी मिळते, तिचाही विचार बऱ्याच घरी होतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला जी चघळायची गोळी देतात ती अल्बेंडाझोलचीच, पण ४०० मिलिग्रॅमची. १.२ किलोच्या कोंबडीला १२ मिलिग्रॅम द्यायचे तर एका गोळीचे तेहेतीस भाग करावे लागतील. विळीवर ते होत नाहीत. मुलांची गोळी मुलांनाच द्यावी.

कमी दिले तरी वाईट, जास्त दिले तरी वाईट

निम्मे औषध दिले तर निम्मे जंत मरतील आणि उरलेले नंतर पाहू, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. कमी मात्रेत जे जंत वाचतात ते त्या औषधाला जुमानत नाहीत आणि पुढची पिढी त्यांचीच होते. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत हे जगभर दिसून आले आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. अल्बेंडाझोल कोंबडीला पुष्कळ सोसते, पण सगळी औषधे तशी नाहीत. लेव्हामिसोल नावाचे जंताचे औषध येते, त्यात योग्य मात्रा आणि घातक मात्रा ह्यांतले अंतर कमी असते. आणि ज्यांच्याकडे कबुतरे आहेत त्यांनी तर विशेष जपावे. कोंबडीला मानवणारे अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल कबुतरांना विषारी ठरल्याचे दिसले आहे. कोंबडीचे औषधी पाणी कबुतरांच्या वाटेत ठेवू नये.

औषध पिण्याच्या पाण्यात टाकले की काम सोपे, हाही एक समज. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. पहिली कोंबडी नुसते पाणी पिते आणि शेवटची गाळ पिते. पिपेराझीन मात्र पाण्यात विरघळते आणि तसेच देतात. पण ते फक्त मोठ्या गोल जंतांवर चालते. चपट्या, पट्टीसारख्या जंतांवर त्याचा उपयोग नाही. त्या जंतांसाठी औषधाची निवड आणि मात्रा दोन्ही वेगळी, आणि ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

म्हणून औषधाआधी शेण तपासून घेणे सर्वांत चांगले. चार-पाच कोंबड्यांचे सकाळचे ताजे शेण स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात न्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात आणि कोणते जंत ते कळते. पिल्लांच्या शेणात रक्त असेल तर तो बहुधा रक्ती हगवणीचा आजार असतो, त्यावर जंताचे औषध चालत नाही. आणि एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवट शेण पडू लागले तर जंतांचा विचार सोडून रानीखेतचा संशय घ्यावा. अशा वेळी कोंबडी घरी कापू-उघडू नये, लगेच दवाखान्यात कळवावे. १९६२ ह्या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

चोचीत घालताना

ह्यातही मी चूक करत होते. कोंबडीची मान मागे ताणून औषध सरळ घशात ओतत होते. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचे तोंड असते. औषध त्यात गेले तर कोंबडी गुदमरते आणि आपण म्हणतो औषध सोसले नाही. कोंबडी काखेत धरावी, डोके किंचित वर करावे, चोच उघडून सिरिंज कडेने जिभेच्या मागे न्यावी आणि थोडे-थोडे सोडावे. ती गिळेपर्यंत थांबावे. बाटली आधी नीट हलवावी, नाहीतर वरचे पाणी आधी जाते आणि औषध तळाशी राहते. ज्यांना दिले त्यांच्या पायाला लोकरीचा धागा बांधावा, म्हणजे एकीला दोनदा आणि दुसरीला काहीच नाही असे होत नाही.

आता अंड्यांचे. हे औषध रक्तात जाते आणि अंड्यातही उतरते. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक गाई-म्हशी-मेंढ्यांसाठी असतात. त्यांवर दूध आणि मांस किती दिवस वापरू नये ते लिहिलेले असते, अंड्यांचे नसते. आमच्या डॉक्टरांनी दोन आठवडे अंडी खाऊ नका, विकू नका आणि खुडूक कोंबडीखाली बसवू नका असे सांगितले. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे असतात. त्या वेळी माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले होते आणि आत्ती रोज एक गावरान अंडे तिच्यासाठी बाजूला ठेवत. अल्बेंडाझोल गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईला देत नाहीत. मी पहिल्यांदा पाच थेंब घातले त्या आठवड्यातली अंडी कुणी खाल्ली, हा प्रश्न मला नंतर फार दिवस छळत राहिला. औषध कमी पडले होते आणि पुढे सगळे सुखरूप झाले, म्हणून बरे. पण हा विचार औषध देण्याआधी करायचा असतो.

घरगुती उपाय

आत्ती कडुलिंबाचा पाला आणि पपईच्या बिया कोंबड्यांना टाकतात. टाकू देत. पण पोट जंतांनी भरल्यावर त्यावर विसंबून राहता येत नाही. एका पाहुण्यांनी निपाणीकडची म्हणून तंबाखूची भुकटी पिठात मळून द्यायला सांगितले होते. पूर्वी असे करत हे खरे, पण तंबाखूतले निकोटीन जहाल विष आहे आणि चिमटीत ते किती आले हे कुणालाच सांगता येत नाही. तो उपाय पूर्ण सोडावा.

अर्धे काम जमिनीवर

दुसऱ्या वेळी आम्ही सगळ्या तेरा कोंबड्या तोलून, मापून औषध दिले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा दिले. आतड्याच्या अस्तरात दडलेली लहान पिल्ले पहिल्या वेळी वाचतात, ती दुसऱ्या वेळी सापडतात. पण डॉक्टरांनी निघताना सांगितले, औषधाने पोट साफ होईल, परस नाही.

जंतांची अंडी शेणातून जमिनीवर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती रोग देण्याजोगी होतात आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. कोंबडी ती दाण्यासोबत टिपते, कधी ती अंडी पोटात असलेले गांडूळ खाते. पाच ते आठ आठवड्यांत तिच्या पोटात मोठे जंत तयार होतात. ऑगस्टचा चिखल आणि दसऱ्याची मेलेली कोंबडी ह्यांचे नाते मला तेव्हा कळले. फिनेलने ही अंडी सहसा मरत नाहीत. ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो.

आम्ही खुराडे उन्हाच्या बाजूला, उंचवट्यावर हलवले. खाली भाताचे तूस पसरले, ओले झाले की बदलू लागलो. जमिनीवर चुना मारला. दाणे मातीत फेकणे बंद करून पसरट भांड्यात, विटेवर ठेवू लागलो. शेण आणि जुने तूस उकिरड्यात खोल घालतो, तिथल्या उष्णतेने अंडी मरतात. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी, डालग्याखाली ठेवतो. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना जंतांचा त्रास सर्वांत जास्त, आणि मोठी कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या शेणातून अंडी पडतच असतात.

मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांना साधारण तीन महिन्यांनी, निदान पावसाळ्याआधी आणि नंतर जंताचे औषध द्यावे, असा सल्ला सहसा दिला जातो. रानीखेतची लस द्यायची असेल तर आठवडाभर आधी जंतांचे काम उरकतात, म्हणजे लस चांगली लागू पडते.

मार्गशीर्षात आमच्या खुराड्यात अंडी पूर्वीसारखी पडू लागली. आत्तींनी पहिल्या विक्रीच्या पैशातून एक हुकाचा ताणकाटा आणून माझ्या हातात दिला. भिशीच्या पैशातून त्यांनी मला दिलेली ती पहिली वस्तू. बोलल्या काहीच नाहीत.

आता अक्काही तोच काटा मागून नेतात. परवा त्यांच्या सुनेने कुंपणापलीकडून विचारले, कोंबड्यांना किती थेंब घालू? मी उत्तर द्यायच्या आत आत्ती परसातून ओरडल्या, "तूक एष्ट ऐती, अदु मोदल नोड!" वजन किती आहे, ते आधी बघ.